माझ्या मुलाची मूठ ओढून उघडू नका : ओळखपत्रासाठी एक खुलं पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे माननीय जिल्हाधिकारी,
आणि आधार व दिव्यांग प्रमाणपत्राचं काम बघणारे सगळे अधिकारी,

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात राहते. नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी आहे, मी आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला जाते आणि एरवी कोळंबी सोलायला. आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही, वय १६. घरात आणि वाडीत सगळे त्याला बाबू म्हणतात, मी पण इथे तेवढंच लिहिते.

मागच्या आठवड्यात आम्ही आधार केंद्रावरून चौथ्यांदा हात हलवत परत आलो, आणि त्याच दिवशी कळलं की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा दिव्यांग तपासणीचा जो कॅम्प व्हायचा तो बंद केलाय, आता सगळ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं. दोन्ही गोष्टी एका दिवशी. रात्री बाबूला झोपवलं आणि वहीत लिहायला बसले, आता भाचीने टाईप करून दिलंय.

आधीच सांगते, या पत्रात मी कुठल्या केंद्राचं, दवाखान्याचं, माणसाचं नाव लिहिलेलं नाही, तालुक्याचं पण नाही. नाव लिहिलं की त्या एका माणसाला नोटीस जाते आणि फाईल बंद होते, मला ते नकोय. थेरपीच्या निमित्ताने ओळख झालेल्या श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आयांशी मी बोलले, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं हेच रडगाणं आहे.

बाबूबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो चालत नाही, बोलणं स्पष्ट नाही, पण त्याला सगळं कळतं. यंदा दहावीला आहे. "हो" म्हणायचं असलं की डोळे वर करतो, "नाही" असलं की मान डावीकडे वळवतो. रोज संध्याकाळी मोबाईलवर हवामानाचा अंदाज लावून घेतो आणि वाऱ्याचा इशारा असला की बाबांना बोटीवर जाऊ देत नाही, इतका ओरडतो की शेजारच्या काकी विचारायला येतात. दोनदा त्याच्यामुळे हे घरी थांबलेत.

त्याच्या हातांच्या मुठी कायम मिटलेल्या असतात, अंगठा आतमध्ये. ती मूठ कोणी ओढून उघडायला गेलं की अजून घट्ट होते, त्याच्या हातात नाही ते, स्नायूच तसे आहेत. आम्हाला थेरपिस्ट ताईंनी शिकवलंय की आधी मनगट हळूच तळहाताच्या बाजूला वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल होतात, मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्यायचा, टोकाला धरून ओढायचा नाही. रोज अंघोळीच्या वेळी मी असाच त्याचा तळवा धुते, नाहीतर आत घाम साचून कातडी सोलते, वास येतो. पण यात एक गोम आहे. मनगट वाकलेलं असेपर्यंतच बोटं उघडी राहतात, मनगट सरळ केलं की परत मिटली. आणि आधारच्या मशीनची काच सपाट असते, तिच्यावर चार बोटं एकदम टेकवायला मनगट सरळ लागतं. म्हणजे काचेला जे पाहिजे तेच त्याच्या हाताला जमत नाही, कितीही वेळा नेलं तरी जमणार नाही.

डोळ्यांचं पण तसंच. बुबुळाचा फोटो घ्यायला मान क्षणभर स्थिर लागते, त्याची मान आणि हात आपोआप हलतात, आणि कोणी "हलू नको" म्हटलं, टेन्शन आलं, तर आणखी हलतात. झोपला की अगदी शांत. जागेपणी तो जेवढा प्रयत्न करेल तेवढी हालचाल वाढते. हे सेरेब्रल पाल्सीचं काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

आता आधारचं. लहान मुलांचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि बुबुळाचा फोटो, ५ व्या वर्षी आणि परत १५ व्या वर्षी करावं लागतं, तो नियम मला मान्य आहे, मुलं वाढतात, ठसे बदलतात. बाबू पहिलीला जायच्या वेळी शाळेत कॅम्प लागला होता तेव्हा त्याचं आधार झालं. तेव्हाचा ऑपरेटर अजून आठवतो मला, तरुण पोरगा होता, मशीन उचलून खाली घेतलं आणि स्वतः जमिनीवर बसला, बाबूच्या उंचीला. अर्धा तास लागला असेल. मागे रांग होती, पण कोणी काही बोललं नाही. तेव्हा हात पण लहान होते, मऊ होते. तर ते झालं.

१५ पूर्ण झाल्यावर मात्र जे सुरू झालं ते आजपर्यंत संपलेलं नाही.

आमचं घर रस्त्याच्या खाली आहे, वाडीतून रस्त्याला यायला पाखाडी आहे, ८४ पायऱ्या, बाबूचं वजन आता ४१ किलो आहे. हे बोटीवर असले की मी आणि माझा दीर दोघं मिळून त्याला खुर्चीत बसवून वर आणतो, चार ठिकाणी टेकतो. मग रिक्षा, तालुक्याला जाऊन यायचे ९०० रुपये. तुमच्या ऑफिसातल्या नकाशावर हे अंतर काहीच नाही वाटणार. पण कोकणात नकाशावरचं अंतर वेगळं आणि खरं अंतर वेगळं हे तुम्हाला मी काय सांगू, समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं आणि जायला खाडीला वळसा घालून दोन तास लागतात, म्हणून तर दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीला एवढी गर्दी असते.

पहिल्या वेळी गेलो तर केंद्राचा सर्व्हर डाऊन. ठीक आहे, होतं असं.

दुसऱ्या वेळी ऑपरेटरने बोटं घेऊन बघितली, आली नाहीत. म्हणाला, "मावशी, तेल लावून, शेकवून घेऊन या." आणि १२५ रुपये घेतले. १५ ते १७ वर्षांच्या मुलांचं हे अपडेट फुकट असतं हे मला नंतर कळलं. पैसे परत मागायला कोण जाणार ९०० रुपये खर्च करून? पावती मिळाली, २८ आकडी नंबर असलेली, ती जपून ठेवली, एक महिन्याने चेक केलं तर रिजेक्ट.

तिसऱ्या वेळी जे झालं ते मी विसरू शकत नाही. नवीन ऑपरेटर होता. मी सांगत होते की थांबा, मी उघडते हात, मनगट असं वाकवावं लागतं, तर तो म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा, पालकांनी हात लावला तर चालत नाही." आणि त्याने आणि अजून एकाने मिळून बाबूची बोटं एक एक करून सरळ ओढली. बाबू ओरडला. जेवढे ते ओढत होते तेवढी मूठ घट्ट होत होती, मला दिसत होतं, त्यांना पण दिसत असणार. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी फाटली, थोडं रक्त आलं, काचेवर लागलं. त्यांनी पहिली काच पुसली. मग एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "याला काही कळतं का?"

बाबूने डोळे वर केले. म्हणजे "हो". त्या दोघांना ते समजलं नाही आणि मला त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येताना रिक्षात तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता.

मी त्या पोरांना वाईट म्हणत नाही. चौथ्या वेळी मी शांतपणे विचारलं की बायोमेट्रिक एक्सेप्शन (ज्यांचे ठसे किंवा बुबुळ घेता येत नाहीत त्यांच्यासाठीची सूट) असतं ना, ते टाका, तर तिथला मुलगा खरं काय ते बोलला. म्हणाला, "ताई, एक्सेप्शनचा बराच गैरवापर झालाय, आमच्यावर कडक लक्ष असतं, चुकीचं टाकलं म्हणून माझा आयडी बंद झाला तर माझी नोकरी जाईल." कंत्राटावर आहे तो, पगार किती असेल मला अंदाज आहे. त्याला वरून कोणी लेखी सांगितलंय का की अशा मुलांसाठी हे टाक, तुला काही होणार नाही? नाही सांगितलेलं. भीती वरून खाली येते आणि सगळ्यात खाली माझा मुलगा असतो.

मग तो म्हणाला, एक्सेप्शनसाठी चालू दिव्यांग सर्टिफिकेट दाखवा, तुमच्या कार्डाची मुदत संपलीय.

इथे खरी गाठ आहे, नीट वाचा. बाबूचं पहिलं कागदी सर्टिफिकेट निसर्ग वादळात गेलं, ३ जून २०२०, आमची कौलं उडाली आणि ट्रंकेत पाणी गेलं. तसंही १ जून २०२१ पासून सगळी सर्टिफिकेटं ऑनलाईन पोर्टलवरूनच द्यायची असं झालं, म्हणून परत सगळी तपासणी करून आम्ही यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं. ते मिळालं "तात्पुरतं", ५ वर्षांचं. ती ५ वर्षं आता झाली. रिन्यू करायला गेलो तर खिडकीवर सांगितलं, आधी आधार अपडेट करून आणा, ओळख पटत नाहीये. आधारवाले म्हणतात दिव्यांग सर्टिफिकेट आणा, दवाखान्यातले म्हणतात आधार आणा. मी दोन्ही खिडक्यांवर दुसऱ्या खिडकीचं उत्तर सांगितलं, दोन्हीकडे एकच ऐकलं, "ते आमच्याकडे येत नाही."

आणि या सगळ्यात बँकेने केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख पडताळणी, अडवलं, संजय गांधी योजनेचं अनुदान पाच महिने आलेलं नाही. दिव्यांगांना ते आता महिना २५०० झालंय असं पेपरात वाचलं, आनंद झाला, पण आमच्या खात्यात शून्य. बाबूची फिट्सची गोळी चालू आहे, डायपर लागतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत घरात तेवढाच नियमित पैसा यायचा.

शाळेचं वेगळंच. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यासाठी परत तेच सर्टिफिकेट लागतं. मुख्याध्यापक मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी जुन्या कार्डाची कॉपी लावून फॉर्म पाठवला, आता बघू.

एक गोष्ट मला सांगायचीच आहे. ही ठशांची अडचण फक्त दिव्यांग मुलांची आहे असं समजू नका. माझ्या नवऱ्याचा अंगठा रेशन दुकानात लागत नाही, दोरखंड ओढून, बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून रेषाच राहिल्या नाहीत. माझी बोटं कोळंबी सोलून अशी झालीत की मशीन दहा वेळा "पुन्हा प्रयत्न करा" बोलतं. या किनाऱ्यावर घरटी एक माणूस असा सापडेल. आम्ही बोट पुसतो, फुंकर मारतो, केसांवरून फिरवतो, आणि दुकानदार पण ओळखीचा असतो, तो थांबतो. आम्ही निभावून नेतो कारण आम्हाला चालता-बोलता येतं. बाबूला तेच जमत नाही तर तो "फेल" होतो. स्लिपवर शब्दच तो आहे, फेल. तो दहावीची गणितं तोंडी सोडवतो हो.

मला कायद्यातलं फार कळत नाही, पण गेल्या सहा महिन्यांत शिकले. भाची एलएलबी करते, तिने शोधून दिलं आणि मी वाचलं, आणि वाचून राग यायच्या ऐवजी मला रडू आलं, कारण सगळं आधीच लिहून ठेवलंय.

२०१६ च्या आधार कायद्यातच कलम ५ मध्ये आहे की दिव्यांग आणि मुलांसाठी आधार द्यायला विशेष उपाय करायचे. ज्यांची बोटं किंवा बुबुळ घेता येत नाहीत त्यांच्यासाठी एक्सेप्शनची पद्धत २०१४ पासून आहे, चेहऱ्याचा आणि दोन्ही हातांचा फोटो काढायचा, सुपरवायझरने खात्री करायची, झालं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळमधल्या एका बाईंना हाताला बोटं नाहीत म्हणून आधार नाकारलं होतं, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी स्वतः लक्ष घातलं, अधिकारी त्यांच्या घरी गेले आणि त्याच दिवशी आधार काढून दिलं. त्या वेळी सरकारनेच सांगितलं होतं की असे बोटं नसलेले किंवा बुबुळ देता न येणारे जवळपास २९ लाख लोक आहेत ज्यांना आधार दिलंय. मग २९ लाखांना मिळालं ते माझ्या मुलाच्या खिडकीवर कसं नाही मिळत? आणि प्रत्येक आईने आधी पेपरात यायचं आणि मग मंत्र्यांनी फोन करायचा, अशी पद्धत आहे का?

सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारच्या निकालात स्पष्ट म्हटलंय की आधार दाखवता आलं नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारायचा नाही. बाबू १६ चा आहे, म्हणजे मूलच. आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने केवायसीबद्दल निकाल दिला, त्यात ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बायका होत्या, त्यांना मोबाईलवर "पापणी मिटा" सांगत होते म्हणून त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घटनेचं कलम २१, आणि २० सूचना दिल्या. पापणी मिटता येत नाही त्यांच्यासाठी आणि मूठ उघडता येत नाही त्यांच्यासाठी न्याय वेगळा असेल असं मला नाही वाटत.

दिव्यांग हक्क कायदा पण २०१६ चाच, २१ प्रकारची अपंगत्वं आहेत त्यात, सेरेब्रल पाल्सी त्यातलंच एक. सर्टिफिकेट एक महिन्यात द्यायचं असा आधी नियम होता, २०२४ ला तो तीन महिन्यांचा केला. चला, तीन महिने तर तीन महिने. पण अर्जच घेतला नाही तर तीन महिने मोजायचे कधीपासून?

आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, देशात पहिला म्हणून किती बातम्या आल्या. आम्ही पण टाळ्या वाजवल्या. त्या विभागाची सावली आमच्या पाखाडीपर्यंत अजून पोचलेली नाही.

आता त्या बंद केलेल्या कॅम्पबद्दल. कारण काय दिलं तर हाडांचे डॉक्टर उपलब्ध नाहीत. समजू शकते, कोकणात डॉक्टर टिकत नाहीत हे जुनंच आहे. पण मग काय करायचं ठरवलं तर पेशंटनीच हलायचं. तालुक्यातल्या ज्या मुलांना बसता येत नाही त्यांना घेऊन ८०-९० किलोमीटर, सकाळी ६ ला निघून, तिथे तपासणीचा डॉक्टरांचा बोर्ड आठवड्यातून एकच दिवस, नंबर लागला तर लागला. जिल्ह्याला जायची गाडी आम्हाला ४ हजार पडते. मागच्या वेळी २०२१ ला गेलो होतो तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी पहिल्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद, दोन अनोळखी माणसांनी बाबूला उचलून वर नेलं. एक वयस्कर आजोबा पायरीवर बसून राहिले होते, त्यांना वर जाताच आलं नाही, मुलगा कागद घेऊन वर-खाली करत होता. दिव्यांगांची तपासणी पहिल्या मजल्यावर ठेवताना कोणालाच काही वाटलं नाही? एका डॉक्टरांना एक दिवस तालुक्याला पाठवणं अवघड, की चाळीस-पन्नास घरांनी अशी माणसं उचलून जिल्ह्याला नेणं अवघड?

मी हे अशक्य काहीतरी मागत नाहीये. २०२४ च्या लोकसभेला आमच्या वाडीतल्या ८५ च्या वरच्या आजींचं मत घ्यायला टीम घरी आली होती. ४० टक्क्यांच्या वरच्या दिव्यांगांसाठी पण ती सोय होती. चार-पाच माणसं, पोलीस, व्हिडिओवाला, सगळे त्या ८४ पायऱ्या उतरून आले, पडवीत बसून आजींनी मत दिलं, मी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मतासाठी सरकार पाखाडी उतरतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोस्टमन पण पोस्ट पेमेंट बँकेचं मशीन घेऊन वाडीत येतो, पाच वर्षांखालच्या बाळांचं आधार काढून देतो. म्हणजे यायला रस्ता आहे.

तर आमच्या मागण्या साध्या शब्दात लिहिते.

कॅम्प परत सुरू करा. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस, तळमजल्यावर, आणि त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये आधारचं मशीन आणि डॉक्टरांचा बोर्ड दोन्ही ठेवा, म्हणजे हे "तिकडचा कागद आणा" संपेल. दोघांनी एकमेकांकडे बघून सही करावी. तारीख आधी पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू दे. आमच्याकडे ती अशा दिवशी कळते की एसटी निघून गेलेली असते.

ज्यांना हलवणंच अवघड आहे त्यांच्या घरी या. घरी येऊन आधार करायची सोय आहे, तिला ७०० रुपये फी आहे, ज्याला केंद्रावर येताच येत नाही त्याच्याकडून ती घेऊ नका. हवं तर आशा ताईंकडून यादी घ्या, त्यांना प्रत्येक घर माहीत आहे.

प्रत्येक आधार केंद्रावर मराठीत, मोठ्या अक्षरात बोर्ड लावा की बोटं किंवा डोळे देता येत नसतील तर एक्सेप्शन मिळतं, आणि १५ ते १७ वयाचं अपडेट मोफत आहे. ऑपरेटरांना लेखी द्या की नियमाप्रमाणे एक्सेप्शन टाकलं तर त्यांचा आयडी बंद होणार नाही. आणि कोणी नाकारलं तर नाकारल्याचं कारण कागदावर लिहून, शिक्का मारून द्यायचं. तोंडी "नाही होत" हे बंद करा. आधारच्या १९४७ नंबरच्या हेल्पलाईनला फोन करून मी तीन वेळा तक्रार केली, दर वेळी मला विचारतात तुम्हाला नाकारल्याचा पुरावा काय.

हात जबरदस्तीने उघडायचा नाही. हे लेखी काढा. आईने, वडिलांनी, थेरपिस्टने हात धरला तर चालेल असं लेखी काढा. मी तुमच्या ऑपरेटरांना ट्रेनिंगमध्ये येऊन दाखवायला तयार आहे, मनगट कसं वाकवायचं, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत.

अपडेट होईपर्यंत कोणाचंही अनुदान थांबवू नका, आणि जे थांबलंय ते मागच्या तारखेपासून द्या.

जो आजार बरा होत नाही त्याला तात्पुरतं सर्टिफिकेट देऊ नका. सेरेब्रल पाल्सी दर पाच वर्षांनी जाऊन दाखवण्यासारखी गोष्ट नाहीये, मेंदूला जन्माच्या वेळी जे झालं ते झालं. टक्केवारी बदलली असं आम्हाला वाटलं तर आम्हीच येऊ ना.

आणि मुलाशी बोला. त्याला नाव विचारा, थांबा, तो कसं उत्तर देतो ते त्याच्या आईला विचारा. यासाठी जीआर लागत नसेल असं मला वाटतं, लागत असेल तर तो पण काढा.

अजून दोन वर्षांनी बाबू १८ चा होईल. तेव्हा मतदार कार्ड काढायचंय, त्याला खूप हौस आहे, कोणाला मत देणार ते पण ठरवलंय, सांगत नाही. बँकेत त्याच्या नावाचं खातं त्याच्या सहीने चालवायचं तर कसं, ते पण तेव्हा येईल. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात जी स्थानिक समिती असते, पालकत्वाचं बघणारी, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात असं वाचलं. म्हणजे साहेब, आपली भेट होणारच आहे. बाबूला पालक लागेल की त्याचे निर्णय तो स्वतः घेईल हे तुमच्यासमोर ठरेल तेव्हा तो डोळे वर करेल किंवा मान वळवेल, आणि ते वाचणारं कोणीतरी त्या खोलीत असावं लागेल. पण त्या खोलीपर्यंत यायला पण पहिलं आधारच मागतील, आणि १७ उलटलं की हे मोफत अपडेट पण गेलं. माझ्याकडे वेळ कमी आहे.

हे पत्र टाकायच्या आधी मी बाबूला वाचून दाखवलं. त्याचं नाव आणि हाताबद्दल सगळं लिहू का असं विचारलं. रक्ताचा भाग आला तेव्हा त्याने मान वळवली, मी म्हटलं काढून टाकू का, तर बराच वेळ थांबला आणि डोळे वर केले. मी परत विचारलं, काढू, की ठेवू? "ठेवू" ला डोळे वर. म्हणून ठेवलंय.

आम्ही घरीच असतो, बाबूची शाळा दुपारी १ ला सुटते, त्यानंतर कधीही या. गाडी वरच्या रस्त्याला देवळाजवळ लागते. तिथून पाखाडीने खाली, पायऱ्या ८४, मधल्या दोन पायऱ्या निखळल्यात तिथे जपून, कठडा डाव्या हाताला आहे. मशीन जड असेल तर आधी फोन करा, दीर वर घ्यायला येईल.

आपली,
बाबूची आई